चवीनुसार मीठ

रमजान सुरू झाला की मोबाइलवर नामांकित शेफच्या पाककृतींचा पूर येतो. दुपारी एखादी कृती पाहून घरातून फर्माइश निघते, ‘अम्मी, आज इफ्तारला हे कर ना.’ कृती दहा मिनिटांची दिसते. कांदा चिरलेला, मटण धुतलेलं, मसाला वाटलेला. ते कुणी केलं, मागाहून भांडी कुणी घासली, हे पडद्यावर दिसत नाही. घरात ही सगळी कामं एकटी अम्मी करते आणि तिलाही रोजा असतो.

१९९३ साली झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ सुरू झाला. तेव्हापासून शेफ मंडळींनी घरच्या स्वयंपाकाला बरंच काही दिलं. मात्र त्यांच्या बहुतेक कृतींत एक सूचना असते : चवीनुसार मीठ. मगरिबच्या अजानपर्यंत जिच्या घशाखाली पाण्याचा थेंब जात नाही, तिने ती कशी पाळायची?

हनफी फिकहमध्ये याचं उत्तर आहे. रोजात विनाकारण चव घेणं मकरूह. पण नवरा तापट असेल, तर बाईने जिभेच्या टोकावर मीठ पाहून थुंकून टाकायला हरकत नाही. ही सवलत बाईला आहे, नवऱ्याच्या तापटपणाला नाही. प्रेषितांनी (स.) अन्नाला कधी नावं ठेवली नाहीत आणि घरच्या कामाला ते हात लावत, असं बुखारी शरीफमधल्या हदीसमध्ये आहे. मिसवाकची सुन्नत आवर्जून पाळणाऱ्या अनेकांना दस्तरख्वानावर बसल्यावर ही सुन्नत आठवत नाही.

शेफची कृती जरूर करावी, पण एका दिवशी नवा पदार्थ एकच. मीठ मोजून आणि थोडं कमीच घालावं. कमी पडलं तर वरून घेता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. जमलेलं माप वहीत लिहून ठेवावं. हॉटेलची आच घरच्या शेगडीला नसते. सगळं मटण एकदम कढईत टाकलं की ते परतलं न जाता पाणी सोडतं, म्हणून दोन खेपांत परतावं.

आणि ज्याने फर्माइश केली, त्यानेच कांदा चिरावा, भांडीही घासावीत. इफ्तारच्या आधीची घटका दुआ कबूल होण्याची मानतात. त्या वेळी घरातल्या बाईलाही दोन्ही हात उचलायला मोकळे मिळाले पाहिजेत.