शाल-श्रीफळ पुरे, अधिकार द्या

परीक्षांचे निकाल लागले किंवा एखाद्या स्पर्धेचे पदक गावात आले की मराठवाड्यातील कोणत्याही बाजारगावात सत्काराचा मंडप उभा राहतो. हिंगोली जिल्ह्यातील, औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार त्याला अपवाद नाही. आजूबाजूच्या खेड्यांतील शेतकरी आपला माल घेऊन ज्या गावी येतो, त्याच गावी त्याच्या मुलामुलींना व्यासपीठावर बोलावून शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह दिले जाते. मग प्रमुख पाहुणे उठतात आणि ठरलेला उपदेश करतात : पुरस्कारप्राप्त तरुणांनी आता देशाचे नेतृत्व करावे, राष्ट्राच्या विकासास हातभार लावावा. टाळ्या पडतात, मंडप उतरतो. ज्याच्या गळ्यात हार पडला तो मुलगा महिन्याभरात पुण्याच्या गाडीत बसलेला असतो.

गुणवंतांचा गौरव होऊ नये, असे कोणीही म्हणणार नाही. पावसावर जगणाऱ्या घरातून आलेल्या मुलीने यश मिळवावे आणि गावाने तिची पाठ थोपटावी, यात गैर काय आहे? आक्षेप गौरवाला नाही, त्या उपदेशाला आहे. तरुणांना नेतृत्व करा म्हणून सांगणाऱ्यांनीच नेतृत्वाची दारे एकेक करून बंद केलेली आहेत.

प्रथम गौरवाचाच हिशेब पाहावा. राज्याच्या २०१२ च्या युवा धोरणानुसार जिल्हा युवा पुरस्कार दिला जातो. १३ ते ३५ वयोगटातील निवडक युवक-युवतींना गौरवपत्र, सन्मानचिन्ह आणि रोख १० हजार रुपये, असे त्याचे स्वरूप. २०२४ मध्ये सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात पदवीधराला दरमहा १० हजार, पदविकाधारकाला ८ हजार आणि बारावी झालेल्याला ६ हजार विद्यावेतन ठरले. मुदत सहा महिन्यांची, पुढे ती अकरा महिन्यांपर्यंत वाढवण्यात आली. म्हणजे जिल्ह्यातील सर्वोत्तम तरुणाच्या समाजकार्याची किंमत आणि एका तात्पुरत्या प्रशिक्षणार्थीचे महिन्याचे विद्यावेतन सारखेच! अकरा महिन्यांनंतर काय, या प्रश्नाला योजनेत उत्तर नाही. ज्याला उद्याच्या चुलीची शाश्वती नाही, त्याने राष्ट्र कसे उभारावे?

परंतु पैशाचा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न निवडीचा आहे. पुरस्कारविजेत्याची निवड वरून होते; ती एखादी समिती करते. नेत्याची निवड खालून होते. ती बरोबरीचे लोक करतात. या दोन निवडींची गल्लत सत्ताधाऱ्यांना फार सोयीची असते. महाराष्ट्राने ती कायद्यानेच करून दाखवली. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुका मोडीत काढल्या आणि परीक्षेत वरचे गुण मिळवणाऱ्यास वर्गाचा प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. निवडणुकांतील गुंडगिरी हे त्यासाठी दिलेले कारण होते. गुंडांचा बंदोबस्त करणे हे पोलिसांचे काम. सरकारने मतदारांचाच बंदोबस्त केला! गुणवंत विद्यार्थी वाईट प्रतिनिधी होता असे नव्हे. पण वसतिगृहाचे पाणी बंद झाले किंवा शिष्यवृत्ती रखडली, तर प्राचार्यांना जाब विचारण्याचे बळ त्याच्या पाठीशी नव्हते, कारण त्याला कोणी निवडून दिलेले नव्हते. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आली; २०१९ मध्ये त्यांची वेळ आली तेव्हा त्या पुढे ढकलण्यात आल्या. मतदानाचे वय १९८९ साली १८ वर आले. त्याच वयाच्या मुलाला आपला वर्गप्रतिनिधी निवडण्याची अक्कल नाही, असे मात्र मानले गेले.

गावपातळीवरही तेच. वयाच्या २१ व्या वर्षी तरुणाला जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येते. परंतु २०१७ मध्ये निवडून आलेल्या हिंगोली जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढील तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार चालला. ज्या काळात व्यासपीठांवरून ‘तरुणांनो, पुढे या’ अशी हाक दिली जात होती, त्याच काळात जिल्ह्याच्या कारभारात एकाही तरुणाला लोकांच्या मताने पाऊल टाकता आले नाही.

तरुणांनी खरोखर नेतृत्व केले की काय घडते, हे या भूमीने एकदा पाहिले आहे. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी हजारोंनी रस्त्यावर उतरले. नोकऱ्या, रेल्वे, सिंचन, उद्योग या त्यांच्या मागण्या म्हणजे राष्ट्रीय विकासाचाच कार्यक्रम होता. जवळा बाजारापासून फार दूर नसलेल्या वसमतेत त्यांना उत्तर मिळाले ते गोळीबाराचे, आणि तरुणांचे प्राण गेले. त्यांना कोणी सन्मानचिन्ह दिले नव्हते. तरीही मराठवाड्याचा अनुशेष हा विषय राज्याला टाळता येईनासा झाला तो त्यांच्यामुळे. १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, आणि ती वाढवली गेली नाही. मागासलेपण मोजण्याची मोजपट्टीच काढून घेतली आणि वर तरुणांना सांगितले, विकास करा!

औंढा तालुक्यापुढे आज एक मोठी कसोटी उभी आहे. दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरींचा शोध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या प्रकल्पास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. विज्ञानाच्या जगात त्याचे मोल मोठे आहे, त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण जवळा बाजारच्या शाळेतील हुशार मुलगी त्या वेधशाळेत कोणत्या दाराने शिरणार? शास्त्रज्ञ म्हणून, तंत्रज्ञ म्हणून, की तिचा भाऊ फाटकावरचा रखवालदार म्हणून? तालुक्यातील शाळांत प्रयोगशाळा, भौतिकशास्त्र शिकवणारे कायम शिक्षक आणि प्रकल्पाशी जोडलेले तंत्रशिक्षण आजच उभे राहिले नाही, तर उत्तर उघड आहे. या भागातील हळद जशी कच्च्या मालाच्या भावाने बाहेर जाते आणि तिच्यावरील नफा दुसरीकडे साचतो, तसेच येथील बुद्धीचेही होईल.

पुरस्कारप्राप्त तरुणांवर काही जबाबदारी नाही, असा याचा अर्थ नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तरुण शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. यश एकट्याचे नसते, ही जाणीव त्यात होती. गावातील प्रत्येक गुणवंताने ती बाळगावी. आपल्या मागे राहिलेल्या वर्गमित्रांना शिक्षक का मिळाला नाही, एवढा प्रश्न त्याने सत्काराला उत्तर देताना विचारला, तरी राष्ट्रसेवेचा आरंभ होईल.

आणि समाजवादी कार्यकर्त्यांनीही आरशात पाहावे. सत्काराच्या व्यासपीठावर खुर्ची मिळावी म्हणून त्यांच्यातीलही काही धडपडतात. तरुणांनी पुढे यावे असे म्हणणाऱ्या पक्षांच्या तालुका समित्यांत तिशीच्या आतले किती आहेत, याची मोजदाद प्रत्येकाने प्रामाणिकपणे करावी. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांतून जी पिढी घडली ती पदके मिळवून घडली नव्हती. ती श्रमदानात, दुष्काळी कामांवर आणि सत्याग्रहांत घडली.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. महाविद्यालयीन निवडणुका थेट आणि दरवर्षी झाल्या पाहिजेत. स्थानिक स्वराज्य संस्था एक दिवसही प्रशासकाच्या हाती राहता कामा नये. विकास मंडळ पुन्हा अस्तित्वात यावे. लायगोच्या परिसरातील शाळा व तंत्रशिक्षण यांचा बांधील आराखडा सरकारने ग्रामसभांपुढे ठेवावा. यापुढे जेथे सत्काराचा मंडप पडेल, तेथे कार्यकर्त्यांनी हार घेऊन जाण्याऐवजी हे निवेदन घेऊन जावे आणि त्यावर पहिली सही प्रमुख पाहुण्यांची मागावी. त्यांनी सही केली तर उत्तम. नाकारली, तर त्यांच्या भाषणाची खरी किंमत मंडपातील तरुणांना तेथेच कळेल.