कवेलू आणि पळसाचं पान

गॅदरिंग जवळ आलं की शाळांचे फोन सुरू होतात. "मॅडम, यंदाही पोरींकडून कवेलू फोडून घ्या बरं!" मी मूलची. कराटे शिकवते. वैनगंगेचा पूल ओलांडून धानोरा तालुक्यातल्या आश्रमशाळेतही जाते. कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फोडण्यात फार काही नाही. कोरडी कवेलू मधे फट ठेवून रचली की आठवीतली कुठलीही पोर फोडते. टाळ्या पडतात, फोटो निघतो.

या पोरींना मी ताकद काय शिकवणार? मे महिन्यात पहाटे उठून तेंदूपत्ता तोडतात, 70-70 पानांचे पुडे बांधतात, सरपणाची मोळी डोक्यावरून आणतात. शिकवावं लागतं ते हात थांबवणं. दोऱ्याला पळसाचं पान लटकवते. ठोसा पूर्ण जोरात मारायचा. ठोशाच्या वाऱ्यानं पान हललं पाहिजे, मुठीला लागता कामा नये. सुरुवातीला पान फाटतं, नाहीतर पोर भिऊन हात अर्ध्यातूनच ओढते. दोन्ही चूकच.

सतराव्या वर्षी एका शिबिरात माझ्या ठोशानं जोडीदारणीचा पुढचा दात गेला. शिकवणाऱ्यांनी माझी पाठ थोपटली. ती पोरगी पुन्हा मैदानात दिसली नाही. दाताची लाज वाटतेच, त्या शाबासकीनं मी फुलले होते याची जास्त वाटते.

टोकियो ऑलिंपिकमधला 7 ऑगस्ट 2021चा कराटेचा अंतिम सामना मी पोरींना मोबाइलवर दाखवते. सौदीचा तारेग हमेदी 4-1 नं पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेला बसली, गंजजादे बेशुद्ध पडला. जोर आवरला नाही म्हणून पंचांनी हमेदीला बाद केलं, सुवर्ण गंजजादेला. "पडला त्यालाच मेडल?" पोरी हसतात. मग तासभर वाद घालतात. घालू देते.

पालक विचारतात, रस्त्यात कुणी हात धरला तर पोरगी थांबेल का? प्रश्न खरा आहे. नुसतं थांबायचीच सवय लागली तर खऱ्या वेळी ठोसा चार बोटं अलीकडेच राहतो. असे रंगीत पट्टेवाले मी पाहिलेत. म्हणून धानाच्या तुसाचं पोतं टांगते. पोत्यावर मारताना नेम चार बोटं आत, जोडीदारणीवर चार बोटं अलीकडे. मूठ तीच, जोरही तोच. पोत्यावर मनगट वाकडं पडलं की पोरीला लगेच कळतं, नुसत्या जोरानं आपलाच हात मोडतो.

शाळेतलं स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण जेमतेम 3 महिन्यांचं. त्यातले शेवटचे पंधरा दिवस कवेलूंच्या तालमीत घालवायला माझा साफ विरोध आहे. यंदा मी दोरा आणि पान नेणार आहे. मागच्या रांगेला काही दिसणार नाही, ठाऊक आहे. मुख्याध्यापकांना सांगितलंय, सतरंज्या पुढे सरकवा.