वाटेचे मोजमाप

आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने जैन परंपरेने श्रावकाला सांगितली आहेत. त्यांतील औषधदानाचा विचार करताना एक साधी गोष्ट सहसा नजरेआड होते : औषध आणि रुग्ण यांच्यामध्ये वाट असते.

कर्जत-खालापूरच्या कित्येक डोंगरवाड्यांसाठी ती अजूनही पायवाटच आहे. आजारी माणसाला किंवा कळा लागलेल्या स्त्रीला झोळीत घालून गाडीरस्त्यापर्यंत आणावे लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते. पण रस्ता संपतो तिथे तिची धावही संपते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. रस्ता असता तरी दरड टळली नसती. परंतु बचाव पथकांना भर पावसात पायी चढावे लागले, अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत आणि कुदळ-फावड्यांनीच शोध घ्यावा लागला.

मातामृत्यूंचे अभ्यासक थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये तीन विलंब दाखवून दिले : उपचाराचा निर्णय घेण्यातला, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. रस्ता दुसरा विलंब थेट कमी करतो आणि पहिलाही. कारण वाट बिकट असली की घरचे ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणतात.

म्हणूनच दळणवळणाचा लाभ केवळ किलोमीटरांत मोजता येत नाही. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गावर चिखले, मोहपे, चौक ही स्थानके योजलेली आहेत. मुंबईच्या प्रवाशाची किती मिनिटे वाचली याचा हिशेब होईलच. वाडीतली गर्भवती तपासणीला किती वेळा गेली, किती मुलींची शाळा टिकली, किती क्षयरुग्णांनी औषधाचा क्रम पूर्ण केला, हाही हिशेब व्हायला हवा. एसटीने १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत दिली. मात्र जिथे एसटी पोहोचतच नाही, तिथे ती कागदावरच राहते.

साधु-साध्वींचा पायी विहार हे स्वेच्छेने स्वीकारलेले व्रत आहे. रुग्णाची पायपीट ही अगतिकता आहे. हा भेद ओळखणे, हीच अनुकंपा. आरोग्य शिबिर भरविणाऱ्या संघांनी रुग्णांच्या संख्येबरोबरच ते कोणत्या वाडीतून, कसे आणि किती वेळात आले याचीही नोंद ठेवावी. ज्या वाडीपुढची ओळ कोरी राहील, तिथल्यांसाठी पुढच्या शिबिरात औषधांआधी गाडीची तजवीज करावी. औषधदानाचा आरंभ तिथूनच होतो.