गेलेला स्नायू परत येत नाही

हृदयविकाराच्या झटक्यात रक्त न मिळालेला स्नायू मरतो व तेथे व्रण राहतो. व्रणाने भोक बुजते, पण तो आकुंचन पावत नाही. माणसाच्या हृदयात नव्या स्नायुपेशी बनतात, पण तरुणपणीही वर्षाला जेमतेम १ टक्का, असे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखविले.

आपल्या ओढ्या-नद्यांतला दीड इंची झेब्राफिश मात्र हृदयाचा पाचवा हिस्सा कापला तरी सुमारे दोन महिन्यांत तो पुन्हा घडवितो. जखमेनंतर तयार होणारे 'सीसीएन२ए' हे प्रथिन या कामी साहाय्य करते, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केले.

माणसासाठी असा इलाज अजून प्रयोगावस्थेतच आहे. म्हणून हृदय नवे करून देण्याच्या जाहिरातींना पालकांनी भुलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. छातीत दाब, घाम, हाताकडे जाणारी कळ दिसताच गॅस समजून ओवा-सोडा घेत बसू नये. १०८ ला फोन करावा, ताबडतोब ईसीजी काढावा. बंद रक्तवाहिनी जितकी लवकर उघडेल, तितका स्नायू वाचेल.

विद्यार्थ्यांनो, हे आजच आजी-आजोबांना वाचून दाखवा. माशाचे गुपित शोधणाऱ्यांत उद्या बऱ्हाणपूरचेही कोणी असावे, ही आमची इच्छा.