सिनेगॉगच्या कपाटातली मराठी

मंडळाच्या मागच्या बैठकीत अंकाचे विषय ठरत होते. ‘ख्रिस्तपुराण’ होतंच, ते दरवर्षी असतं. मी म्हटलं, या वेळी सिनेगॉगमधल्या मराठी पुस्तकांवर लिहूया. त्यावर एक जण म्हणाला, "इंदुरात सिनेगॉग तरी आहे का? आपला काय संबंध?"

सिनेगॉग नाही, हे खरं. आपल्याला जवळचं म्हणजे अहमदाबादचं, खमासा भागातलं मागेन अब्राहम, १९३४ सालचं. पण तिथे प्रार्थनेला जाणारी कुटुंबं मुळात कोकणातली, बेने इस्राएल. आडनावं पेणकर, दिवेकर, राजपूरकर, म्हणजे गावाच्या नावाला ‘कर’ लावलेली, आपल्यासारखीच. आणि पिढ्यान्‌पिढ्या घरात बोलायची भाषा मराठी. संबंध असेल तर एवढाच, आणि मराठी वाङ्मय मंडळाला तो पुरेसा आहे असं मला वाटतं.

या लोकांनी मराठीत काय काय छापलं ते बघा. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा ग्रंथ म्हणजे हग्गादा. तो मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली निघाला. पुण्यात १८७४ साली सचित्र निघाला. त्यातल्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका सणाच्या बेखमीर भाकरी करताना दिसतात. जोसेफ इझिकेल राजपूरकर मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. त्यांनी एकामागून एक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८८० च्या सुमारास तर कीर्तन सुरू झालं. झांजा, पेटी, आख्यान सगळं आपल्या पद्धतीचं, फक्त कथा योसेफाची नाहीतर मोशेची. हे सगळं मराठी वाङ्मयच आहे. पण बी.ए.च्या तीन वर्षांत यातलं एक नावही माझ्या कानावर पडलं नाही.

आता ती पुस्तकं वाचणारे कमी झाले. १९५० च्या आसपास भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. बहुतेक इस्राएलला गेले आणि आता इथे चार-पाच हजार उरले असतील. गंमत अशी की तिकडे गेलेल्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं, आणि इकडे राहिलेल्यांची मुलं इंग्रजीतून शिकली. (आपण इंदूरकरांनी यावर हसू नये. आपल्याकडे आजीचं पत्र नातवाला वाचून दाखवावं लागतं, कारण त्याची शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची.)

इथे पुढारीपणाचा प्रश्न येतो. बेने इस्राएल समाजात रब्बी असण्याची परंपरा नाही. पूर्वी धार्मिक कामांसाठी काजी असत. पुढे सिनेगॉगचा कारभार मुकादम, चौगुले, गब्बाई आणि हजान यांच्याकडे आला. मुकादम आणि चौगुला हे शब्द तर सरळ आपल्या गावगाड्यातले. मुकादम प्रमुख, गब्बाई पैसे सांभाळणारा, हजान प्रार्थना चालवणारा. यातले बरेच जण नोकरी-धंदा सांभाळून हे करत आले. ज्या समाजाला रब्बी नाही, त्याचा अर्धा रब्बी म्हणजे त्याचं पुस्तकांचं कपाट. शंका आली की ते उघडायचं. म्हणून वाचनालय वेगळं आणि नेतृत्व वेगळं असं मानून दोन वेगळ्या योजना करणं मला पटत नाही.

कोणी म्हणेल, परदेशातून इंग्रजी अर्थ दिलेली छान प्रार्थनापुस्तकं मिळतात, त्यांच्यावर काम भागतं. प्रार्थनेपुरतं भागतं, मान्य. पण मलिद्याचं काय? लग्न असो, नवस असो, बेने इस्राएल एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात. पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं (हो, पोहेच!). परदेशी पुस्तकात त्याचं पान नसतं. तरुण हजानला फक्त चाली पाठ करून दिल्या तर तो प्रार्थना म्हणेल, पण "हे आपण का करतो?" असं एखाद्या पोरीने विचारलं तर गप्प बसेल. त्याला आपल्या आजोबांची मराठी वाचता आली पाहिजे. आणि शिकवायचंच तर मुलींनाही शिकवावं. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. दिल्लीच्या सिनेगॉगमध्ये त्यात बायकांनाही मोजतात. दहा माणसं जमवायची मारामार असताना हे मला शहाणपणाचं वाटतं, सनातनी मंडळींना पटणार नाही तरी.

घाई कशाची, तर अशी. देवाचं नाव असलेलं जीर्ण पुस्तक ज्यू रद्दीत टाकत नाहीत, कब्रस्तानात पुरतात. फार सुंदर रीत आहे. पण ज्या पानावर हिब्रू, त्याच पानावर किंवा समोर मराठी. हिब्रू मजकूर जगात हजार ठिकाणी सापडेल, ती मराठी मात्र कदाचित त्याच प्रतीत उरलेली असेल. पुरण्याआधी निदान फोटो काढावेत, एवढंच म्हणणं.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगते. आपलं कॉलेज ख्रिस्ती. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, तेही बेने इस्राएलांसाठी. हेतू धर्मांतराचा होता, तो लपवण्यात अर्थ नाही. बेने इस्राएलांनी काय केलं? व्याकरण घेतलं, मिशनच्या शाळा घेतल्या, आणि स्वतःचाच धर्म जास्त चांगला वाचू लागले. ख्रिस्ती फारसे कोणी झाले नाहीत. मला ही गोष्ट फार आवडते. पण त्यांच्या कपाटाला हात लावायला आपण गेलो तर कुणाच्या मनात जुनी शंका येऊ शकते. म्हणून पुस्तकं त्यांची, ठेवायची तिथेच, निर्णय त्यांचा. आपण फक्त मराठी वाचणारे हात द्यायचे.

काम मोठं नाही. पुस्तकाचं नाव, साल, छापखाना, आणि आतल्या कोऱ्या पानावर कुणी जन्म, लग्न, मृत्यू टिपून ठेवलेत का, एवढी यादी. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला. तो छापून आला १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित टिकलं, कारण कुणाला तरी माहीत होतं ते कुठे आहे.

दिवाळीच्या सुट्टीत चार जण अहमदाबादला जाऊ शकतात, इथून रात्रीची बस आहे. आधी तिथल्या विश्वस्तांना परवानगीचं पत्र लिहावं लागेल. मराठी मसुदा मी केला आहे, गुजराती चांगलं येणारं कुणी असेल तर सांगा.