हवेची वाट आरशासारखी कशाला?



हंगाम तोंडावर आला की इंजिन उतरवण्याची घाई सुरू होते. हेड खोलून ठेवलेले असताना एखादा हौशी मिस्त्री हळूच सुचवतो, "दादा, हवेची वाट आतून घासून आरशासारखी करून देतो. इंजिनाला जोर येईल." बोटाने चाचपले तर बिडाची ती वाट खरखरीत लागते, त्यामुळे आपल्यालाही पटते. गेल्या उन्हाळ्यात मलाही पटले होते.

पण हवा वाहते कशी ते पाहा. भिंतीला टेकलेला हवेचा पातळ थर जवळजवळ जागीच असतो; मुख्य झोत त्याच्या आतून जातो. पाटाच्या काठचे पाणी रेंगाळते आणि मधली धार पळते, तसेच. बारीक खरखर त्या थरातच बुडून जाते, म्हणून ती घासून फारसे पदरात पडत नाही. हवा खरी अडते ती तीव्र वळणावर, गास्केटची कड आत डोकावत असेल तिथे, आणि व्हॉल्व्ह व त्याची सीट यांच्यामधल्या अरुंद फटीत.

डिझेल इंजिनात आणखी एक मेख आहे. पुष्कळ इंजिनांत ही वाट मुद्दाम अशी वळवलेली असते की हवा सिलिंडरात भोवऱ्यासारखी फिरत शिरावी आणि डिझेलचा फवारा तिच्यात नीट मिसळावा. ग्राइंडर चालवून तो आकार मोडला तर धूर वाढेल, आणि घासून गेलेले बीड परत येत नाही. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल इंजिनात तर किंचित खरखर बरीच. भिंतीवर साचलेले पेट्रोल हवेत मिसळायला तिची मदत होते. घासायचीच हौस असेल तर धूर जाण्याची वाट घासा, काजळी कमी धरेल.

माझे इंजिन काळा धूर टाकत होते. हेडला हात लावण्याआधी एअर क्लीनर खोलला, तर तळातल्या तेलाचा चिखल झालेला! एक लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे 10,000 लिटर हवा लागते. ती या चिखलातून यायची कशी? जाळी डिझेलने धुतली, खुणेपर्यंत नवे तेल घातले. (खुणेच्या वर नको, जादा तेल इंजिन ओढून घेते.) रबरी नळीला चीर होती, तीही बदलली, अशा चिरेतून शिरणारी धूळ रिंगा आणि लायनर खाते. धूर त्याच दिवशी कमी झाला. खर्च काय तो नळीचा आणि तेलाचा.

तुमच्या इंजिनाची ती तेलाची वाटी शेवटची कधी उघडली होती? मळणीच्या धुळीत इंजिन चालत असेल तर रोज उघडून पाहा.