विश्लेषण : पाळीव सापाला जिवंत उंदीर द्यावा की मारलेला? कायदा आणि शास्त्र काय सांगते?

परदेशी साप चोरून आणताना मुंबई विमानतळावर प्रवासी पकडले गेल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या आहेत. साप देशात कसा येतो याची चर्चा होते, पण घरी आल्यावर तो काय खाणार याची फारशी होत नाही. साप शाकाहारी होऊ शकत नाही. मग त्याच्यापुढे जिवंत उंदीर सोडायचा की आधीच मारलेला ठेवायचा? या निवडीचा परिणाम सापाच्या जिवावर, उंदराच्या वेदनांवर आणि पाळणाऱ्याच्या कायदेशीर जबाबदारीवरही होतो.

हा प्रश्न आता का?

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे खाऊच्या पाकिटांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. जून २०२५ च्या सुरुवातीला थायलंडहून आलेल्या दुसऱ्या एका प्रवाशाकडून सीमाशुल्क विभागाने विषारी साप जप्त केले. पहिल्या घटनेतील दोन्ही जाती बिनविषारी असून जगभर पाळीव साप म्हणून विकल्या जातात. मागणी असल्याशिवाय असा माल येत नाही. म्हणजे हे प्राणी कुठल्या तरी घरातल्या काचेच्या पेटीत पोहोचत असणार आणि तिथे त्यांना कोणीतरी खायला घालत असणार.

कोल्हापूरचा संबंध काय?

सह्याद्रीचा घाट, भाताची खाचरे आणि उसाचे फड यांमुळे कोल्हापूर जिल्ह्यात सापांना उंदीर आणि बेडूक मुबलक मिळतात. चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडी येथे मामासाहेब लाड विद्यालयाने सर्पोद्यान उभारले. शिक्षक बाबुराव टक्केकर यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना साप न मारता ओळखायला शिकवले. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडून पूजण्याची प्रथा होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नागांची मिरवणूक आणि स्पर्धा बंद झाल्या. २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने केवळ शैक्षणिक हेतूने २१ नाग पकडण्यास परवानगी दिली, तेव्हा हा विषय पुन्हा चर्चेत आला.

या भागात सापाच्या खाण्याविषयीची चर्चा बहुतेक वेळा दुधापाशी येऊन थांबते. साप दूध पीत नाही, हे प्रबोधन अनेक वर्षे सुरू आहे आणि ते आवश्यकही आहे. पण मग तो काय खातो आणि ते त्याला कसे मिळावे, हा पुढचा प्रश्न तसाच राहतो. सापाविषयी कुतूहल आणि धाडस दोन्ही असलेल्या भागात पकडलेल्या धामणीपुढे उंदीर टाकून व्हिडिओ काढण्याचा मोह होणे अवघड नाही.

कोणता साप घरात ठेवता येतो?

भारतीय साप घरात ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली. त्यानंतर नाग, घोणस, धामण आणि अजगर यांना पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वोच्च संरक्षण आहे. या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यासाठी तीन ते सात वर्षे तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. सर्पमित्राने पकडलेला सापही त्याच्या मालकीचा होत नाही. वनविभागाला कळवून तो लवकरात लवकर निसर्गात सोडायचा असतो. त्यामुळे धामणीला घरी काय खायला द्यावे, या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर एकच आहे : तिला घरी ठेवू नये.

परदेशी सापांचे नियम वेगळे आहेत. बॉल पायथनसारख्या जाती वन्यप्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीज’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत आणि त्या आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात. असे प्राणी बाळगणाऱ्यांसाठी केंद्राने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम जाहीर केले. त्यानुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि जन्म-मृत्यूही कळवावे लागतात. कॉर्न स्नेक या यादीत नाही, पण तोही विनापरवाना आयात करता येत नाही. या सगळ्या नियमांत सापाची नोंद होते. त्याच्यापुढे टाकल्या जाणाऱ्या उंदरांची मात्र कुठेच नोंद होत नाही.

हे उंदीर थोडेथोडके नसतात. पूर्ण वाढलेला बॉल पायथन दर दोन आठवड्यांनी एक उंदीर खातो असे धरले, तर वर्षाला सुमारे २६ उंदीर होतात. नीट सांभाळलेला हा साप २० वर्षांहून अधिक जगतो. म्हणजे एका सापामागे ५०० हून अधिक उंदीर लागतात. ते कसे मरतात, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही.

जिवंत उंदराच्या बाजूने काय सांगितले जाते?

पहिला मुद्दा असा की हेच नैसर्गिक आहे. साप शिकारी आहे, मेलेले खाल्ले तर त्याची वृत्ती मरते, असे म्हटले जाते. दुसरा मुद्दा व्यवहाराचा. काही साप हालचाल आणि ऊब नसलेले भक्ष्य ओळखतच नाहीत. बॉल पायथन तर खाण्याच्या बाबतीत हट्टी म्हणून ओळखला जातो आणि काही महिने उपाशीही राहतो.

दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, पहिल्यात कमी. जंगलात उंदराला पळायला जागा असते आणि सापालाही माघार घेता येते. काचेच्या पेटीत दोघांनाही ती सोय नसते, त्यामुळे तिथल्या झटापटीला नैसर्गिक म्हणता येत नाही. शिवाय निसर्गातही साप मेलेले प्राणी खातात, असे अनेकदा नोंदवले गेले आहे. भक्ष्य ओळखताना साप वास आणि उष्णता यांचा मोठा आधार घेतो. अजगराच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. मेलेला उंदीर पुरेसा कोमट असेल आणि चिमट्याने हलवला, तर बहुतेक पाळीव साप तो स्वीकारतात.

सापाला धोका कोणता?

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि सतत कुरतडल्याने धारदार राहतात. जीव वाचवण्यासाठी तो सापाचे डोके, डोळे आणि पाठ चावतो. भूक नसलेल्या, कात टाकत असलेल्या किंवा थंडीने सुस्त झालेल्या सापापाशी उंदीर रात्रभर सोडला, तर तो सापालाच कुरतडू लागतो. अशा जखमा कधी हाडापर्यंत जातात, त्यात जंतुसंसर्ग होतो आणि साप दगावतो. सापांवर उपचार करणारे पशुवैद्य जिवंत उंदीर टाळायला सांगतात, त्याचे पहिले कारण हेच असते.

शेतातून किंवा घरातून पकडलेला उंदीर आणखी धोक्याचा. उसाच्या आणि भाताच्या भागात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड आणि रक्त गोठू न देणारी विषे वापरतात. विष खाल्लेला उंदीर काही काळ धडधाकट दिसतो आणि तो खाणाऱ्या प्राण्यालाही विषबाधा होऊ शकते. लेप्टोस्पायरोसिससारखे आजार उंदीर हाताळणाऱ्या माणसालाही होऊ शकतात.

उंदराला किती वेदना होतात?

अजगर वा बोआ भक्ष्याला विळख्यात गुदमरवून मारतात, असा जुना समज होता. अमेरिकेतील डिकिन्सन कॉलेजचे स्कॉट बोबॅक यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळेच दिसले. बोआच्या विळख्यात उंदराचा रक्तपुरवठा काही सेकंदांतच कोसळतो. म्हणजे पकड नीट बसली तर शेवट लवकर होतो. मात्र त्या प्रयोगातील उंदीर आधीच बेशुद्ध केलेले होते. बंद पेटीत वास येत असताना कोपऱ्यात दडून काढलेला वेळ किंवा चुकलेला पहिला झडपा यांचे मोजमाप त्यात नाही. सगळे साप विळखाही घालत नाहीत. धामण भक्ष्य जबड्यात धरून दाबते आणि अनेकदा जिवंतच गिळते.

आधी मारलेला उंदीर वापरणे हा त्रास कमी करण्याचा मार्ग आहे, पण मारण्याची पद्धत योग्य असेल तरच. परदेशात उंदीर पुरवणाऱ्या संस्था साधारणपणे कार्बन डायऑक्साइड वायू हळूहळू सोडून त्यांना मारतात. त्या वायूनेही उंदीर अस्वस्थ होतात, हा आक्षेप शास्त्रज्ञांमध्ये आहेच. नवजात पिल्ले कमी प्राणवायूत जास्त वेळ तग धरतात, त्यामुळे त्यांना अधिक वेळ लागतो. जिवंत उंदीर थेट फ्रीजरमध्ये टाकणे मात्र उघड क्रूरता आहे. तिला ‘आधी मारलेले भक्ष्य’ म्हणून खपवता येत नाही.

कायदा काय सांगतो?

उंदीर आणि घुशी पूर्वी वन्यजीव कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत होत्या. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. त्यांना त्या कायद्याचे संरक्षण नाही. मात्र प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० मध्ये ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही जीव. त्यात उंदीरही आला.

याच कायद्याच्या ११ व्या कलमात या विषयाला थेट लागू होईल अशी तरतूद आहे. निव्वळ मनोरंजनासाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्याचे भक्ष्य बनवणे किंवा प्राण्यांना एकमेकांवर सोडणे हा गुन्हा आहे. अनावश्यक क्रूर पद्धतीने मारणे हाही गुन्हा आहे. माणसाच्या अन्नासाठी प्राणी मारण्याला कायद्यात अटींसह सूट आहे. पाळीव प्राण्याच्या अन्नासाठी तशी स्वतंत्र सूट नाही.

या तरतुदीचा अर्थ कोल्हापूरकरांना समजावून सांगावा लागू नये. पिसाळलेल्या हत्तीला हुलकावण्या देणाऱ्या खेळाची आठवण शहरातील ‘साठमारी’ या नावात आजही आहे. इथल्या संस्थानाने आफ्रिकेतून चित्ते आणून काळविटांची शिकार करवली होती. प्राण्याची झुंज हा करमणुकीचा विषय असण्याचा तो काळ होता. १९६० च्या कायद्याने तो मान्य करणे थांबवले.

त्यामुळे खरी रेषा हेतूची आहे. उपाशी सापाला खाऊ घालण्यासाठी जिवंत उंदीर देणे आणि मित्रांना दाखवण्यासाठी तो देणे, या दोन गोष्टी कायद्याच्या नजरेत सारख्या नाहीत. कॅमेरा लावून, पार्श्वसंगीत चढवून टाकलेला व्हिडिओ ‘निव्वळ मनोरंजन’ ठरण्याची शक्यता मोठी आहे. अडचण शिक्षेची आहे. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड, तीन वर्षांत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पहिल्या दंडात चहाही धड होत नाही. २०२२ मध्ये केंद्राने या कायद्यातील दुरुस्तीचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता.

गोठवलेला उंदीर कसा देतात?

उंदराची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकी असावी, हा साधारण हिशेब. गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवतात. मग बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवतात, म्हणजे तो साधारण ३८ अंश सेल्सियसपर्यंत येतो. मायक्रोवेव्ह वापरत नाहीत, कारण त्यात उंदीर कुठे शिजतो तर कुठे थंडच राहतो. लांब चिमट्याने हलवून तो सापापुढे धरतात. साप खात नसेल तर काही वेळाने काढून टाकतात, पुन्हा गोठवत नाहीत.

गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये गोठवलेल्या उंदरांमधून माणसांत साल्मोनेलाचा संसर्ग पसरला आणि शेकडो लोक आजारी पडले. रुग्णांत लहान मुलेही होती. म्हणून या कामाची भांडी स्वयंपाकघरापासून वेगळी ठेवणे आणि साबणाने हात धुणे गरजेचे असते.

जिवंत भक्ष्य कधी योग्य ठरू शकते?

अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू किंवा सर्व उपाय करूनही दीर्घकाळ न खाणारा साप, हे अपवाद मानले जातात. तेव्हाही आधी तापमान, लपायला जागा आणि आजारपण तपासायचे असते, कारण साप बहुतेकदा भक्ष्यापेक्षा परिस्थितीमुळे खाणे सोडतो. जिवंत उंदीर द्यावाच लागला, तर तो पशुवैद्याच्या सल्ल्याने, समोर बसून आणि थोडाच वेळ. नंतर सापाला ताज्या मारलेल्या आणि मग गोठवलेल्या उंदराकडे वळवता येते.

साप आणण्याआधी काय विचारावे?

कायदेशीर साप आणि त्याची नोंदणी ही पहिली पायरी झाली. दुसरा प्रश्न असा की, योग्य पद्धतीने मारलेले उंदीर पुढची २० वर्षे नियमित मिळणार आहेत का? जवळपास असा पुरवठा नसेल, तर उंदीर घरी पाळून स्वतः मारण्याची तयारी हवी, आणि ती बहुतेकांची नसते. मग सोपा मार्ग म्हणून जिवंत उंदीर पेटीत सोडला जातो आणि त्याला ‘निसर्ग’ असे नाव दिले जाते. हे टाळता येत नसेल, तर साप न आणणे हाच योग्य निर्णय आहे. ज्यांना सापांचे कुतूहल आहे, त्यांना कोल्हापूरच्या परिसरात ते पेटीबाहेर, आपली शिकार आपण शोधताना पाहायला मिळतात.